जावेच्या हातातली परात

झुलीखाचं घर आमच्या दारासमोरच. मधली गल्ली इतकी अरुंद, की त्यांच्याकडचं भांडण ऐकायला आम्हाला कान द्यावा लागत नाही, आणि आमच्याकडचं त्यांना. एल-युल्मा आता व्यापाराचं गाव झालंय, दुकानं वाढली, गाड्या वाढल्या. पण गावाबाहेर पडलात की चहूकडे गहूच. गहू कापून झाला आणि नवा रवा दळून आला, की आमच्या भागातल्या बायकांच्या तोंडी एकच नाव यायचं. झुलीखा.

तिच्यासारखी कुसकुस वळणारी दुसरी नव्हती. रव्यावर पाण्याचा हबका मारून तळहात फिरवायला सगळ्याच शिकतात. पण झुलीखाचा दाणा मोहरीसारखा एकसारखा यायचा, वाफ दिली की फुलायचा आणि एकाला एक चिकटायचा नाही. लग्न होऊन ती या घरात आली त्याच वर्षी तिच्या सासूनं, हद्दाम्मानं, घरातली मोठी लाकडी परात तिच्या पुढ्यात सरकवली. स्वतःच्या दोन लेकी तोंडं वाकडी करून बसल्या होत्या, त्यांच्याकडे म्हातारीनं बघितलंसुद्धा नाही. त्यानंतर गल्लीत लग्न असो की सुंता, परात झुलीखाची.

मग धाकटा दीर लखदर याचं लग्न झालं आणि नुआरा घरात आली.

नुआरा उत्तरेकडच्या डोंगरातली. गालांवर लाली, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. ओल्या चादरींची पाटी डोक्यावर घेऊन ती गच्चीचा जिना धडाधड चढायची, आणि वर पोचल्यावर तिथूनच माझ्याशी गप्पा मारायची. तिला धाप म्हणून लागत नसे. वर्षभरात पहिला मुलगा, मग दुसरा.

झुलीखाला एकच मुलगी, सुंदुस. तिच्यानंतर दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पोट पडलं. त्याच सुमाराला तिच्या अंगातली ताकद जायला लागली. आधी केस गळायला लागले. मग नखं चमच्यासारखी खोलगट झाली. सकाळी उठली तरी रात्रभर दगड वाहिल्यासारखी उठायची. भांडी घासताना मधेच हात ओट्याला टेकून उभी राहायची. नुआरा म्हणायची, "लल्ला, तुम्ही बसा, मी करते." ते तिच्या जिव्हारी लागायचं. आमच्याकडे मोठ्या जावेला, नणंदेला मानानं लल्ला म्हणतात. पण नुआराच्या तोंडून झुलीखाला तो मान टोचायचा.

"मानानं म्हणत नाही ती," झुलीखा मला म्हणायची, "म्हातारी समजून म्हणते."

"अगं, ती मदत करते तुला."

"मदत नाही. दाखवते. बघा, मी कशी आणि ही कशी."

दवाखान्यातल्या डॉक्टरनं पापणी खाली ओढून पाहिली, रक्त कमी आहे म्हणाला, बायकांना असतंच, आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी तिचं पोट बिघडायचं. थांबवायची, पुन्हा घ्यायची. वर्षं गेली. रक्त जिथल्या तिथे. दर वेळी नव्या चिठ्ठीवर त्याच गोळ्या. तिचा नवरा अम्मार ट्रक घेऊन बंदरांच्या गावी जायचा, आठवड्याला कधीतरी घरी. आला की विचारायचा, "अजून थकलेलीच का?" वाईट मनानं नाही विचारायचा. पण दर वेळी तेच विचारायचा.

त्यात तिला माती खायची इच्छा व्हायला लागली. केस धुवायची ती करडी माती असते ना, तिचे खडे ती उशीखाली लपवायची आणि कोणी नसलं की तोंडात टाकायची. एके दिवशी अंथरूण झटकताना हद्दाम्माला चुरा सापडला. म्हातारीचा चेहरा उजळला. माती म्हणजे पोटुशी! तिनं कोणाला काही न विचारता कोंबडी कापली, शेजारी सांगितलं, अम्मारला फोन केला. झुलीखा 'नाही, नाही' म्हणत राहिली, तर ती म्हणाली, "लाजतेस काय, पोरी." चारच दिवसांत झुलीखाची पाळी आली. पण त्या महिन्यात खरी बातमी निघाली ती नुआराची. तिसऱ्यांदा.

तेव्हापासून झुलीखाचं नुआराशी बोलणं नावापुरतं झालं. नुआरा हसली तर हिचा जबडा आवळायचा. नुआराच्या पोरांच्या गालांकडे ती अशी बघायची, की मलाच वाटायचं, पोरांना आत न्यावं.

एका बाईनं सांगितलं म्हणून हद्दाम्मानं कुराण वाचून झाडणारे शेख बोलावले. बारीक, नाकात बोलणारे गृहस्थ. त्यांनी झुलीखाच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ आयती म्हटल्या, पाण्यात फुंकर मारली, आणि डोळे मिटून सांगितलं, "या घरात कोणाच्या तरी मनात फार मत्सर आहे. त्याची नजर लागलीय."

झुलीखानं लगेच नुआराकडे पाहिलं. हद्दाम्मानं आपल्या थोरल्या लेकीकडे पाहिलं. लेकीनं आईकडे पाहिलं. नुआरा मात्र भाबडेपणानं म्हणाली, "पण शेख, मत्सर करायला त्यांच्याकडे आहे काय? बिचाऱ्यांना उभंसुद्धा राहवत नाही."

बरं बोलायला गेली आणि आगीत तेल पडलं. फुंकलेलं पाणी झुलीखानं अंगणातल्या पुदिन्याला घातलं.

मग तो उन्हाळा आला. दरवर्षी आम्ही सगळ्या बायका एकत्र जमून एकेका घरची वर्षाची कुसकुस वळतो. आज यांची, उद्या त्यांची. हद्दाम्माच्या घरची पाळी आली. झुलीखा परातीशी बसली, बाह्या वर केल्या, रवा ओतला. पहिल्या चाळणीपर्यंत सगळं ठीक होतं. मग तिचे हात मंदावले, ओठ पांढरे पडले, आणि ती तशीच परातीवर कलंडली. रवा सगळा तोंडाला, भुवयांना. पोरं हसली. आम्ही तिला भिंतीशी नेऊन टेकवलं, साखरेचं पाणी पाजलं. शुद्धीवर आली तेव्हा परातीशी नुआरा बसलेली होती.

आणि खोटं कशाला बोलू, नुआरानं छान वळली. दाणा थोडा जाड होता, पण हात असा सपासप फिरत होता की बायका बघत राहिल्या. "हद्दा, तुझ्या घरात दुसरा हात तयार झाला गं," कोणीतरी म्हणालं. भिंतीशी बसलेली झुलीखा ऐकत होती.

वाफवलेली कुसकुस गच्चीवर चादरींवर वाळत घातली. दुपारी सगळ्या आपापल्या घरी गेल्या, नुआरा पोरांना घेऊन झोपली. झुलीखा खालच्या खोलीत खिडकीशी पडून होती. उत्तरेकडून काळा ढग आला. आमच्याकडे उन्हाळ्यात असे ढग आले की गारा घेऊनच येतात. झुलीखानं तो पाहिला. तिनं हाकही मारली नाही. गारा पडल्या, पाणी धो धो आलं, नुआरा उठून अनवाणी वर धावली तोवर वर्षाची कुसकुस लापशी झाली होती. गच्चीच्या पन्हाळीतून पांढरं पाणी गल्लीत उतरत होतं. आमच्या दारापर्यंत आलं.

हद्दाम्मा कडाडली, "तू खिडकीत होतीस ना? डोळे फुटले होते?"

झुलीखा म्हणाली, "मला जिना चढवत नाही."

"हाक मारायला जिना लागतो?"

नुआरा ओल्या कपड्यांनी थरथरत उभी होती, डोळ्यांत पाणी. तरी मधे पडली ती तीच. "यम्मा, ओरडू नका त्यांना. त्या जिन्यात दोनदा बसतात, मी बघितलंय. हे साधं रक्त कमी असणं नाही. सतीफ शहराच्या मोठ्या इस्पितळात रक्ताच्या विकारांचे वेगळे डॉक्टर असतात. माझ्या मावसबहिणीला तिथेच गुण आला. यांना तिकडे न्या."

"तिच्या सांगण्यावरून मी मरायलासुद्धा जाणार नाही," झुलीखा मला संध्याकाळी म्हणाली. "कुसकुस गेली तिची, रडली ती, आणि शेवटी चांगली कोण ठरली? तीच!"

अम्मारनंही सांगून पाहिलं. ऐकलं नाही.

तिला सतीफला नेलं ते दया-मायेनं नाही. वरच्या गल्लीतल्या बूजमआंच्या घरी लग्न निघालं. त्यांची सून दारात आली, म्हणाली, "कुसकुस वळणारी आहे का घरात?" झुलीखा ओढणी सावरत उठली, "या ना, आत या." सून अवघडली. "तुम्ही नाही, लल्ला. त्या दुसऱ्या."

ती दुसरी स्वयंपाकघरातून पिठाचे हात पुसत बाहेर आली. बोलणं ठरलं. सून गेली. झुलीखा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मग ती नुआराला म्हणाली, "ते तुझे सतीफचे डॉक्टर. कधी बसतात?"

नुआरा चकित झाली. "जाणार तुम्ही?"

"जाणार. बरी होणार. आणि तुझ्या हातातून परात हिसकावून घेणार."

नुआरा खळखळून हसली. "असं असेल तर मी स्वतः नेते."

दवाखान्यातून चिठ्ठी मिळवायला, तारीख मिळायला पानगळ उजाडली. अम्मार ट्रकवर होता. नुआरानं आपली पोरं माझ्याकडे टाकली आणि दोघी जावा भाड्याच्या टॅक्सीत मागच्या सीटवर, मधे पिशवी ठेवून बसल्या. पुढचं सगळं मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं. थोडंफार जुळतं.

डॉक्टर हमादूश म्हणजे चाळिशीच्या बाई, डोळ्यांखाली काळं, बोलणं तुटक. त्यांनी जुने कागद चाळले आणि विचारलं, "इतकी वर्षं गोळ्या घेताय?"

"हो."

"मग रक्त वाढत का नाही, असं कोणी विचारलं?"

कोणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांनी तिलाच दोष दिला होता, गोळ्या विसरते म्हणून.

डॉक्टरनं पाळीचं विचारलं, पोटाचं विचारलं, पडलेल्या गर्भांचं विचारलं. मग म्हणाल्या, "बर्फ, माती, कच्चा तांदूळ, असं काही खावंसं वाटतं?"

झुलीखा नुआराकडे बघून म्हणाली, "तू बाहेर जा."

"माती खातात," नुआरा म्हणाली. "उशीखाली असते. त्या कोंबडीच्या प्रसंगानंतर चुरा मीच झाडायचे, यम्मांना दिसू नये म्हणून."

झुलीखा म्हणते, त्या क्षणी तिला नुआराच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. आपलं म्हणून एवढं एक गुपित होतं, तेही हिच्या मालकीचं निघालं.

डॉक्टर म्हणाल्या, "लाज वाटायचं कारण नाही. अंगातलं लोह फार खाली गेलं की असं होतं. तुम्ही आळशी नाही, बाई. तुमच्या जागी मी असते तर अंथरुणातून उठले नसते."

एवढं ऐकल्यावर झुलीखा रडली. इतक्या वर्षांत तिला कोणी आळशी नाहीस असं म्हटलं नव्हतं. निदान ज्याचं ऐकावं अशा माणसानं तरी.

लोह शिरेतून द्यायचं ठरलं. चहाच्या रंगाचं ते औषध थेंबथेंब उतरायचं, आणि त्यासाठी पुन्हा पुन्हा सतीफला जावं लागायचं. बरोबर नुआराच. दुसऱ्या खेपेला, हाताला नळी लावलेली असताना, झुलीखा अचानक म्हणाली, "त्या दिवशी ढग मला दिसला होता."

नुआरा मोजे विणत होती. सुया थांबल्या.

"पाय उठले नाहीत की मन उठलं नाही, ते मला अजून ठाऊक नाही," झुलीखा म्हणाली. "पण तू रडलीस तेव्हा मला बरं वाटलं. तेवढं नक्की ठाऊक आहे."

नुआरानं लोकर पिशवीत कोंबली आणि ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. घरी आल्यावर पोरं न्यायला आमच्याकडे आली तेव्हा डोळे लाल. मी विचारलं तर म्हणाली, "लाथ मारावीशी वाटते तुमच्या मैत्रिणीला." आणि पुढच्या खेपेला पुन्हा तिच्याबरोबर गेली. का गेलीस, म्हटलं, तर म्हणे, "अर्ध्यात सोडलं तर सगळं श्रेय दुसरं कोणी घेईल."

थंडी सुरू होईपर्यंत झुलीखाचे ओठ गुलाबी झाले. एका सकाळी मी दार उघडलं तर ती गच्चीवर उभी, कठड्यावर हात, आणि मला ओरडून सांगतेय, "न थांबता आले! ऐकलंस का? न थांबता!" मातीची इच्छा गेली. सुंदुस सांगायची, आई आता माझ्यावर ओरडते, आधी ओरडायचीसुद्धा ताकद नव्हती. आणि झुलीखानं वसंतात कोणाकोणाकडे लग्नं आहेत याची चौकशी सुरू केली.

पण डॉक्टर हमादूशनी तिला मोकळं सोडलं नव्हतं. औषधानं भरलेलं लोह पुन्हा गळू नये म्हणून कारण शोधायला हवं होतं. त्यांनी पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे आणखी रक्त घेतलं, मग घशातून नळी घालून आतड्याचा तुकडा काढला. रस्त्याकडेला बर्फ साचलेला असताना दोघी निकाल आणायला गेल्या.

गहू. झुलीखाच्या आतड्याला गहू सोसत नव्हता. गहूही नाही आणि बार्लीही नाही. लहानपणापासून खाल्लेली गव्हाची प्रत्येक भाकरी आतून तिला खरवडत होती, म्हणून गोळ्या अंगी लागत नव्हत्या आणि बहुधा म्हणूनच पोटंही टिकली नव्हती. औषध एकच, आयुष्यभर गहू बंद. चमचाभरही नाही. पिठाची धूळ नाकातोंडात जाईल असं कामही नको.

"म्हणजे कुसकुस?" झुलीखानं विचारलं.

"रव्याची नाही."

"खायची नाही. वळायची तर?"

डॉक्टरनं नकारार्थी मान हलवली.

टॅक्सीच्या अड्ड्यावर दोघी बाकावर बसल्या. सकाळपासून नुआराच्या पोटात काही नव्हतं. पिशवीत घरून आणलेली भाकरी होती, तिचा वास येत होता, पण ती पिशवीला हात लावेना.

"खा," झुलीखा म्हणाली.

"भूक नाही."

"माझ्यासमोर खा. दया करू नकोस माझ्यावर. तुला पोरं दिली, गाल दिले, परात दिली. आता गहूसुद्धा तुझाच. खा!"

नुआरानं भाकरी काढली आणि खाल्ली. मोठे मोठे घास घेऊन. झुलीखा तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"कशी झालीय?"

"कच्ची. मीठ पण कमी."

"खोटारडी," झुलीखा म्हणाली आणि बर्फाकडे तोंड फिरवलं.

हद्दाम्माला पटेचना. "गव्हानं कोणी आजारी पडतं? मग आमच्या अख्ख्या वंशानं मरायला हवं होतं!" तिनं सुनेच्या रश्शात गुपचूप रवा लावून पाहिला. झुलीखाला पोटात कळा येऊन ती दोन दिवस आडवी झाली, तेव्हा म्हातारी घाबरली आणि तिनं स्वतः जाऊन वेगळं पातेलं, वेगळा झारा आणला. त्यानंतर त्या पातेल्याला कोणी चुकून हात लावला तर म्हातारीची काठी तयार.

परात मात्र झुलीखानं कपाटावर चढवून ठेवली, वर घोंगडी टाकली. नुआरा प्लास्टिकच्या टबात वळायची. टबात रवा नीट फिरत नाही, दाणा बिघडायचा, आणि बिघडलेला दाणा बघून झुलीखाला जेवण गोड लागायचं. हे तिनंच मला सांगितलं, मान वर करून. उन्हाळ्यात घरची पाळी आली. बायका जमल्या, नुआरानं टब मांडला. तेवढ्यात झुलीखा खोलीतून परात छातीशी धरून आली आणि दाणकन तिच्या पुढ्यात ठेवली.

"टबात वळून आमच्या घराचं नाव घालवू नकोस," ती म्हणाली. "आणि तळहात सैल सोड. दाबतेस तू, म्हणून जाड येतो दाणा."

मग आत जाऊन तिनं दार लावून घेतलं, धुळीसाठी. खिडकीच्या काचेला मात्र सबंध दिवस तिचं नाक चिकटलेलं होतं. नुआरानं तळहात सैल सोडला होता. दाणा बारीक येत होता. काचेआड झुलीखाचा चेहरा बघवत नव्हता.

रिकामे हात तिला खाऊ लागले. तिनं मक्याचं पीठ आणलं, वेगळी परात घेतली, आमच्या अंगणात बसून वळायला लागली. मक्याला चिकटपणा नाही, दाणा धरेचना. भुगा व्हायचा. ती पीठ जमिनीवर फेकायची, शिव्या घालायची, झाडून पुन्हा नवं घ्यायची. पाणी कोमट करून पाहिलं, तांदळाचं पीठ मिसळून पाहिलं, आधी पीठ वाफवून पाहिलं. जमायला वर्ष गेलं. पण जमलं तेव्हा दाणा असा पिवळाधमक आणि मोकळा, की मी कालवणाशिवाय नुसता खाल्ला.

इस्पितळाच्या बाकांवर भेटलेल्या बायकांकडून ते पसरलं. आता आसपासच्या खेड्यांतून आया येतात, फिकट पोरं कडेवर घेऊन. झुलीखा त्यांच्या पापण्या ओढून बघते, नखं बघते, आणि म्हणते, "माझी कुसकुस न्या, पण आधी डॉक्टरला दाखवा. मोठ्या. इथल्या नाही."

या हिवाळ्यात नुआरा म्हणाली, "लल्ला, मलाही शिकवा की मक्याची."

"तुला कशाला? गहू आहे ना तुझ्याकडे."

"अहो, तुम्हाला मदत होईल."

"नको मला मदत."

दुसऱ्या दिवशी झुलीखा सुंदुसला घेऊन सतीफला तपासणीला गेली. नुआरा दार लावून, मक्याचं पीठ घेऊन एकटीच बसली. मी खिडकीतून बघत होते. बराच वेळ वळत होती, घाम पुसत होती, तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. झुलीखा परतली तेव्हा ओसरीभर पिवळा भुगा पडलेला आणि नुआरा केस विस्कटून मधे बसलेली.

"पीठच खराब आहे हे," नुआरा म्हणाली.

झुलीखानं चिमूटभर भुगा उचलला, बोटांत चोळला. "पीठ चांगलं आहे," ती म्हणाली आणि आत गेली. त्या दिवशी तिनं दोनदा वाढून घेतलं, आणि मला हाक मारून स्वतःच्या रक्ताचा आकडा सांगितला. चांगला होता. पण तिचा आवाज चढला होता तो त्या आकड्यामुळे नाही, हे गल्लीतल्या सगळ्यांना कळलं, नुआराला सगळ्यात आधी.